मेल उघडत नाही म्हणून लगेच पासवर्ड बदलू नका

मेल चालेना झाला की लोक सगळ्यात आधी ‘फॉरगॉट पासवर्ड’ दाबतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत बघा नाहीतर पिंपळगावच्या द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांकडे, एकच अकाउंट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, मालकाच्या मोबाईलवर आणि पोराच्या लॅपटॉपवर लावलेलं असतं, एकाने पासवर्ड बदलला की बाकीच्यांचं बंद, मग दुसरा रिसेट मारतो की पहिल्याचं बंद. तिकडे कंटेनर निघालेला आणि इकडे कागदपत्रांचे मेल अडकलेले.

आधी मोबाईलचा वायफाय बंद करा, डेटावर ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो (आधीचं लॉगिन न वापरणारी कोरी खिडकी) उघडा आणि तोच आयडी-पासवर्ड टाकून बघा. आत गेलात तर पासवर्ड बरोबर आहे, भानगड ॲपमध्ये किंवा ऑफिसच्या नेटमध्ये आहे.

जीमेल जुन्या आउटलुकमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये, लावलेलं असेल तर नेहमीचा पासवर्ड तिथे चालतच नाही, गूगलने ३० मे २०२२ पासून ती सोय काढायला घेतली. त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड, घ्यावा लागतो, आणि गंमत बघा, मेन पासवर्ड बदलला की आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात! म्हणजे घाईने रिसेट मारून चालू असलेलं पण बंद पाडतो आपण.

मेल येतात पण जात नाहीत, ही कंपनीच्या डोमेनवाल्यांची, म्हणजे कंपनीच्या नावाचा मेल आयडी असलेल्यांची, नेहमीची तक्रार. मेल सेटिंगमध्ये इनकमिंगला ९९३ पोर्ट (सर्व्हरच्या दरवाजाचा नंबर) बरोबर असतो पण आउटगोइंगला जुना २५ राहिलेला असतो, तो बऱ्याच नेटवाल्यांनी ब्लॉक केलेला आहे, तिथे ५८७ नाहीतर ४६५ टाका आणि आउटगोइंग सर्व्हरच्या ऑथेंटिकेशनची (मेल पाठवतानाही आयडी-पासवर्ड देण्याची) टिक आहे का तेही बघा.

सर्टिफिकेट एरर (सर्व्हरची ओळख पटत नाही असा मेसेज) आला तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा बरं. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला की तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि मेल सर्व्हर कनेक्टच होत नाही. सेल बदलला, तारीख नीट केली की झालं.

आणि लॉगिन होतंय पण नवीन मेलच नाही, तर स्टोरेज बघा. जीमेलचे फुकटचे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ बॅकअपला गेले की पार्टीचा मेल परत जातो.

एक कळकळीने सांगतो, कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधून फोन लावू नका, समोरचा ओटीपी मागतो आणि अकाउंट गेलंच समजा. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

रिकव्हरीला, म्हणजे अकाउंट परत मिळवायचा कोड ज्यावर येतो तिथे, कुणाचा नंबर आहे तेही आजच बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी काम सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. अकाउंट चालू आहे तोवरच तो सहज बदलता येतो, लॉक झाल्यावर कोड त्याच्याच फोनवर जाणार.