साताऱ्यात एक दिवस काढायचा असेल तर

रेल्वेने येऊ नका. स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. एकदा मी रात्री तिथे उतरलो आणि रिक्षाला पुण्याच्या तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजले. एसटी बरी.

सकाळी सहालाच अजिंक्यताऱ्याकडे निघा. गाडी वर जाते, तरी चालतच जा. दरवाजापाशी दम खायला थांबलात की मागे वळून बघा: अख्खं गाव पायथ्याशी, अजून अर्धवट झोपेत.

उतरून मोती चौकात या. कंदी पेढा घेण्याआधी एक चाखायला मागा, लाजायचं नाही. खवा खमंग भाजलेला, रंग तपकिरी, जिभेवर किंचित रवाळ हवा. नुसताच गोड लागला तर पुढचं दुकान गाठा.

दुपारी पेठा सुस्तावतात. तेव्हा लिंब गावची बारामोटेची विहीर बघून या. १७१९ ते १७२४ मधलं बांधकाम, अष्टकोनी, आणि विहिरीतच छोटा महाल. पायऱ्या उतरताना उन्हाळ्यातही गारवा अंगाला लागतो. वाकून बघताना मोबाइल तेवढा खिशात ठेवा; माझा चष्मा अजून तिथेच आहे.

कासचं फुलांचं पठार? सप्टेंबरात, आणि मधल्या वारी. रविवारी फुलांपेक्षा गाड्याच जास्त.