माध्यमिक शिक्षकांना विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण देताय? या चुका टाळा

विषयशिक्षकांनी विशेष शिक्षणातही तयार व्हावं, त्यासाठी नोकरीआधी किंवा नोकरीत असताना करता येतील असे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असावेत, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माध्यमिक स्तरावर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिलं आणि सर्वसाधारण शाळांतल्या बाकीच्या शिक्षकांना सक्तीचं प्रशिक्षण द्यायलाही सांगितलं. त्यामुळे प्रशिक्षणं होतात. बॅनर लागतं, चहा होतो, गटफोटो निघतो. सोमवारी नववी ब च्या वर्गात मात्र काहीच बदललेलं नसतं, कारण चुका सगळीकडे त्याच.

२१ प्रकार, २१ स्लाइड

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत, म्हणून स्लाइडही २१. जेवणानंतर हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि सिकलसेलची पाळी येते आणि मागच्या रांगेतल्या भूगोलाच्या बाई उत्तरपत्रिका तपासायला काढतात. त्यांचं काहीच चुकत नाही. व्याख्या छापून वाटा, दहा मिनिटांत विषय संपवा. त्याऐवजी येतानाच प्रत्येकाला एका मुलाच्या दोन चालू वह्या आणायला सांगा, एक स्वतःच्या विषयाची आणि एक भाषेची, सोबत शेवटच्या घटक चाचणीचा पेपर. नाव झाकलेलं असू द्या. ज्याने वह्या आणल्या नाहीत त्याला कुणाच्या तरी शेजारी बसवा, पण वह्यांशिवाय सत्र सुरू करू नका.

लक्षणांची यादी देऊन मोकळं सोडणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक, आणि ती करायला फक्त अर्धा दिवस लागतो.

एका तालुक्याच्या ठिकाणी भाषाशिक्षकांना अध्ययन अक्षमतेची लक्षणं अशीच भरभर सांगितली गेली. अक्षरं उलटसुलट काढतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकतो, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, वाचायचं टाळतो. त्यातल्या एका उत्साही सरांनी पुढच्याच पालकसभेत नववीतल्या सात मुलांची नावं ‘डिस्लेक्सिया’ म्हणून वाचून दाखवली. गटसाधन केंद्रातून (शाळांना मदत करणारं तालुक्याचं केंद्र) विशेषतज्ज्ञ आल्यावर एकेकाला शांतपणे बसवून पाहिलं. दोघांना मागच्या बाकावरून फळा दिसत नव्हता, चष्मा लागला आणि प्रश्न मिटला. तिघं ऊसतोड कामगारांची मुलं, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्यावर जाणारी. दुसरं सत्र त्यांनी कधी पुरतं पाहिलंच नव्हतं. एका मुलीच्या घरी गोरमाटी बोलतात, मराठी तिला शाळेतच भेटली. राहिला एक. त्याला खरोखर तपासणीची गरज होती आणि नेमका त्याच्याच वडिलांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला, कारण पोराचं नाव चारचौघांत घेतलं गेलं होतं.

यात त्या सरांचा दोष थोडाच. यादी हातात आली की माणूस ती लावून बघणारच. ती देणाऱ्याने पुढचं सांगायला हवं होतं. आणि ऱ्हस्व-दीर्घ हा कसला निकष? तो लावला तर शिक्षक-कक्षातले निम्मे लोक तपासणीला पाठवावे लागतील.

नववीत खरोखर बघण्यासारखं वेगळं असतं. तोंडी उत्तर बिनचूक आणि तेच लिहायला सांगितलं की दोन तुटक ओळी. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला. ओळखीचा शब्द अंदाजाने वाचतो, पण अनोळखी शब्द अक्षरं जोडून वाचता येत नाही, रफार किंवा जोडाक्षर आलं की गाडी अडते. हजेरी नियमित असूनही हे वर्षानुवर्षं तसंच चालू असेल तरच शंकेला जागा.

शंका घेण्याचाही एक क्रम आहे, तो मोडू नका. आधी नजर: नेहमीच्या बाकावर बसवून एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावा. मग कान: पाठीमागे उभं राहून, ओठ दिसणार नाहीत असं, रोजच्या आवाजात पाच-सहा शब्द म्हणा आणि त्याला परत म्हणायला सांगा, कान वाहतो का तेही विचारा. काही वावगं वाटलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव द्या. मग मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट काढून महिनावार बघा. मग विचारा, आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस?

इतकं झाल्यावर पुस्तकातला न शिकवलेला, साधारण शंभर शब्दांचा उतारा मुलाकडून वाचून घ्या आणि अडलेल्या जागा खुणा करून ठेवा. तेवढाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा. दोन्हींवर तितकेच प्रश्न विचारा. ऐकलेलं नीट सांगतो आणि वाचलेलं सांगता येत नाही, हा फरक लिहून ठेवा. तज्ज्ञाला ‘अभ्यासात मागे’ या शेऱ्यापेक्षा तो शंभरपट उपयोगी. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ अॅप त्यानंतर उघडा. त्यातला पहिला भाग नेहमीच्या शिक्षकाने भरायचा असतो. ती दिव्यांगत्वाची प्राथमिक चाळणी आहे. निदान करणं आणि प्रमाणपत्र देणं हे वैद्यकीय यंत्रणेचं काम. पालकांशी बोलायचं ते एकट्याने बोलावून, आणि ‘वाचताना इथे इथे अडतो, एकदा दाखवून घेऊ’ एवढंच.

सोय करायची तिथे अपेक्षाच कमी करणं

दहावीचा पायथागोरसचा धडा घ्या. वाचनात अडचण असलेल्या मुलाला नुकतेच प्रशिक्षण घेऊन आलेले सर सांगतात, ‘तू फक्त आकृती काढ, बाकी राहू दे.’ हेतू चांगला, नुकसान पक्कं. मुलाचं गणित ठीक आहे, तो शाब्दिक उदाहरण वाचताना अडतो. उदाहरण वाचून दाखवा. सोडवण्याच्या पायऱ्या, ओळीला एक अशा, कार्डावर लिहून द्या. अंक तिरके जात असतील तर चौकटीची वही द्या. गणित तेच राहतं, गुणही तेच.

वर्गात पूर्ण अंध मुलगी असेल तरी प्रमेय तेच. रबरी पाटीवर जर्मन फिल्म (प्लॅस्टिकचा पातळ कागद) ठेवून टोकदार पेनने त्रिकोण काढला की रेघ उठून येते. एका फिल्मवर एकच आकृती, बाजू निदान तळहाताएवढी, आणि ब्रेलमधली नावं रेघेपासून थोडी दूर, नाहीतर बोटाला रेघ कुठली आणि टिंब कुठलं हे कळत नाही. पुस्तकातली पाच त्रिकोणांची गुंतागुंतीची आकृती जशीच्या तशी उठवून देणारे भेटतात. त्यांनी ती एकदा डोळे मिटून चाचपून बघावी.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र अपेक्षा खरोखर बदलावी लागते. त्याला १२ समान भागांवर गाठी मारलेली दोरी द्या. ३, ४ आणि ५ भागांच्या बाजू ताणून धरल्या की काटकोन तयार होतो. पाया आखताना गवंडीही याच मापांनी कोपरा काटकोनात घेतात. तो कोपरा वर्गाच्या दाराला, बाकाला, पुस्तकाला लावून बघणं हे त्याचं उद्दिष्ट. बाकीचे प्रमेय सोडवत असताना हे त्याच वर्गात चालू शकतं.

प्रशिक्षणात हे भाषणातून शिकवता येत नाही. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यातला स्वतःचा एक तास घ्यावा आणि तीन रकाने भरावेत: काय शिकायचं आहे, हे मूल नेमकं कुठे अडतं, मी काय बदलतो. घाईतली माणसं तिसरा रकाना आधी भरतात, म्हणजे कार्ड, चार्ट, रंगीत कागद. तो कागद परत करा आणि मधल्या रकान्यापासून पुन्हा सुरू करायला लावा. ३५ मिनिटांच्या तासात एकच बदल बसतो, चार नाही.

एकेका मुलासाठी वेगळा बनवायचा असतो त्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचंही हेच होतं. ‘गणितात प्रगती करेल’ हे उद्दिष्ट कसं तपासणार? असं लिहा: ‘चौकटीच्या वहीत, हातच्याच्या वजाबाकीची १० पैकी ८ उदाहरणं बरोबर, सलग तीन वेळा.’ कुठल्या परिस्थितीत, काय करेल, किती बरोबर हवं, हे तिन्ही त्यात आलं. तीन महिन्यांना दोन उद्दिष्टं भरपूर झाली. आठ लिहिणारा एकही तपासत नाही. आराखड्यावरचं नाव बदलून दुसऱ्या मुलाचं घातलं आणि तरी तो चालला, तर फाडून टाका.

हे बंदच करा

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावण्याचे खेळ. त्यातून अचानक काही न दिसण्याची भीती कळते, अंध माणूस रोज कसा वावरतो ते कळत नाही. त्यापेक्षा अंध व्यक्तीने वाट दाखवणाऱ्याचं कोपर धरून त्याच्या अर्धं पाऊल मागे चालायचं असतं, एवढं नीट शिकवा.

श्रवणयंत्र असलेल्या मुलाशी ओरडून बोलणं. यंत्राला एक-दोन मीटरचं अंतर आणि समोर दिसणारा चेहरा लागतो. फळ्याकडे तोंड करून बोलणं थांबवा, आधी लिहा, मग वळून बोला. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, चेहरा काळवंडतो.

रोज गणिताच्याच तासाला मुलाला संसाधन कक्षात, म्हणजे विशेष शिक्षकाच्या खोलीत, पाठवणं. मग त्याचं गणित सुटतं, आणि वर्षाअखेर ‘त्याला गणित जमत नाही’ हा शेरा तयार असतो.

छोट्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळालं की स्वतःला विशेष शिक्षक म्हणवून घेणं. १९९२ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्य पात्रता आणि नोंदणी लागते.

सलग पाच दिवसांचं प्रशिक्षण. दोन दिवस घ्या, महिनाभर वर्गात करून बघायला सोडा, मग वह्या घेऊन परत बोलवा. मुख्याध्यापकालाही एका दिवसासाठी बसवा. वेळापत्रक त्याच्या हातात असतं, आणि शिक्षकाचा ऑफ तास दुसऱ्या वर्गावर गेला की आराखडा बनवायला वेळच उरत नाही.

लेखनिकाची गाठ परीक्षेच्या आदल्या दिवशी घालून देणं. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. ‘बिंदू ए पासून उजवीकडे आडवी रेघ, पाच सेंटिमीटर’ असं सांगायची सवय नसेल तर येणारं उत्तरही कागदावर उतरत नाही. दोन घटक चाचण्या तरी लेखनिक घेऊनच द्यायला लावा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि इतका वेळ एका जागी बसण्याचा सराव सहामाहीपासून हवा. लेखनिक किती शिकलेला चालतो हे त्या वर्षीच्या मंडळाच्या परिपत्रकात वाचा, आणि सवलतीचा अर्ज प्रमाणपत्रासह शाळेमार्फत वेळेत पाठवा. जानेवारीत धावाधाव करणाऱ्या शाळा दरवर्षी असतातच.