कढीपत्त्यावरच्या अळ्या का मरतात? या चुका टाळा

घोडबंदर रोडला राहतो आम्ही, मागे येऊरचं जंगल, त्यामुळे पाऊस सुरू झाला की सातव्या मजल्यावर पण फुलपाखरं येऊन कुंडीतल्या कढीपत्त्यावर अंडी घालून जातात. पहिल्या वर्षी पाच अळ्या होत्या, एकही जगली नाही, आणि सगळा घोळ माझाच.

एक तर आईने पुसून टाकली. तिचा तरी काय दोष, काळपट अंगावर पांढरा डाग, कोणालाही कबुतराची शिटच वाटेल! लहानपणी त्या तशाच दिसतात, पक्ष्यांना फसवायला, आणि शेवटची कात टाकली की एकदम हिरव्यागार. बोट लावलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून घाण वास सोडतात, घाबरू नका, चावत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे कढीपत्ता संपला म्हणून मी जास्वंदाची पानं दिली. तोंड लावलं नाही, उपाशी मेली बिचारी. यांना कढीपत्ता, लिंबू, बेल असलंच लागतं, मादी तर अंडं घालायच्या आधी पुढच्या पायांनी पान चाखून बघते. बाजारातला कढीपत्ता पण नको, औषध मारलेलं असलं तर अळी हिरवी उलटी करून मान टाकते.

अळ्या डब्यात पाळत असाल तर डबा घट्ट बंद करू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. वर मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने लावला की झालं.

आता सगळ्यात जास्त फसतो ते इथे. अळी अचानक खायचं सोडते, पातळ शी करते, डब्यात सैरावैरा फिरते. मला वाटलं आजारी पडली, म्हणून परत परत उचलून पानावर ठेवत बसलो. अहो ती कोष करायला जागा शोधत असते! उभी काडी द्या आणि हात लावू नका, ती शेपटीकडून चिकटते, कमरेला रेशमाचा दोरा बांधते, आणि कोष आजूबाजूला बघून हिरवा नाहीतर तपकिरी होतो. फुलपाखरू बाहेर येताना पण मदत नको, मी कोष सोलला होता. पंख चुरगळलेलेच राहिले. बाहेर आल्यावर उलटं लटकून ते पंखात रक्त ढकलतं, मग पंख उलगडून वाळायला तास-दोन तास लागतात.

आणि ज्यांना मारायचंय ते मात्र मरत नाहीत. त्याच कुंडीखालच्या थाळीतलं पाणी मी दर रविवारी ओतायचो, तरी डास! पट्ट्यापट्ट्यांचा डेंग्यूवाला डास अंडी पाण्याच्या जरा वर, थाळीच्या कडेला चिकटवतो, ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतू नका, कडा काथ्याने खसखसून घासा, आठवड्यातून एकदा तरी.