फोरेगरचा यंत्रनाच कसा बसवावा

सोव्हिएत रंगभूमीवरचा नृत्यदिग्दर्शक निकोलाय फोरेगरने 1923 साली मॉस्कोत आपल्या ‘मास्तफोर’ या कार्यशाळेतर्फे यंत्रनाच रंगमंचावर आणले. यंत्राची नक्कल करायची नाही, यंत्राचा सुटा भाग व्हायचं, हे आधी सगळ्यांच्या डोक्यात उतरवा. चेहरा कोरा हवा. कुणी हसलं की यंत्र बंद पडतं आणि प्रहसन सुरू होतं.

सुरुवात ‘ट्रान्समिशन’ने करा. दोन पुरुष सुमारे 10 फुटांवर खांबासारखे उभे राहतात. मुली एकमेकींचे घोटे धरून साखळी करतात आणि त्या दोघांभोवती फिरतात, पिठाच्या गिरणीतला पट्टा पुलीवरून फिरावा तशा. पाच जणी पुरेत. वाकायचं ते खुब्यातून, पाठीतून नाही; गुडघे सैल. डावा पाय सगळ्यांचा एकदम, मग उजवा, आणि पाऊल वीतभरच. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा. पाऊल लांबलं की पुढचीचा घोटा ओढला जातो आणि ती तोंडावर पडते, म्हणून आघाडीवरच्या मुलीचे हात मोकळे ठेवावेत.

खरी गडबड वळणावर होते. साखळीचं शेपूट नेहमी आतून वळतं आणि खांबाला धडकतं. आघाडीवरचीने खांबापासून तीन फूट लांबून वळसा घेतला की ही अडचण सुटते. सरळ फेरी पक्की झाल्यावर इंग्रजी आठचा आकडा करून पाहा. गिरणीत पट्ट्याला असा पीळ दिला की दुसरी पुली उलटी फिरते. तेव्हा दुसऱ्या खांबानेही आपली मान उलट दिशेला वळवावी.

‘करवत’ सोपी दिसते, पण धोक्याची आहे. एक जण मुलीचे हात धरतो, दुसरा पाय, आणि तिला कमानीत झुलवतात. बोटं धरू नका, घामाने निसटतात. मनगटाला मनगट अडकवा. चार मात्रा इकडे, चार तिकडे. खाली जाडजूड गादी, आणि झोका गुडघ्याच्या वर नको. थांबताना आधी पाय टेकवायचे, मग पाठ.

संगीताच्या जागी फोरेगरकडे गोंगाटाचा वाद्यवृंद होता: फुटक्या काचा, पत्रे, शिट्ट्या. काचेऐवजी बंद डब्यात नट-बोल्ट खुळखुळवा. पत्र्याच्या कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटं कापतात. आवाज करणारे रंगात येऊन लय चढवत नेतात आणि साखळी तुटते, तेव्हा पायांकडे बघून वाजवायची सवय त्यांना पहिल्या तालमीपासून लावा.