रजईवर डाग पडला तर आधी घासू नका

डाग दिसला की हात आपोआप घासायला धावतो. तेच टाळा. घासल्याने डाग पसरतो आणि रजईत तर थेट कापसापर्यंत मुरतो. कोरड्या सुती फडक्याने नुसते दाबून टिपून घ्या, कडेकडून मध्याकडे.

रक्त, दूध, अंडे यांच्या डागांना फक्त गार पाणी. गरम पाण्याने त्यातली प्रथिने घट्ट बसतात, मग कितीही धुवा. तेलकट डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर भुरभुरवून तासाभराने अलगद झटका, मग सौम्य साबण.

रजई अख्खी भिजवण्याची गरज नसते. डागापाशी वरचे कापड चिमटीत धरून कापसापासून सोडवा आणि उचललेल्या भागाला तळाशी दोरा बांधा. तेवढाच भाग वाटीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवून चोळा, स्वच्छ पाण्यात खंगाळा. आतला कापूस जवळजवळ कोरडा राहतो. थोडी ओल गेलीच, तर पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नका; कुबट वास डागापेक्षा चिवट.

रेशीम आणि लोकर यांना ब्लीच अजिबात चालत नाही. एन्झाइमची डिटर्जंट पावडरही नको, कारण एन्झाइम प्रथिने तोडतात आणि हे धागे मुळात प्रथिनांचेच. डागाबरोबर तेही झिजतात. काहीही लावण्याआधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पांढरे फडके दाबून पाहा. फडक्याला रंग लागला, तर सरळ ड्रायक्लीनला द्या आणि डाग कशाचा ते तिथे आवर्जून सांगा.