पहिल्या रविवारची तयारी: प्रभुभोजन, बाप्तिस्मा आणि लग्नाचं रजिस्टर

पास्टरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, नव्याने निवडून आलेल्या माणसाच्या वाट्याला पहिलं काम येतं ते प्रभुभोजनाचं (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं) मेज मांडण्याचं. सहसा हे काम कुणी शिकवत नाही. आधीच्या बाई किंवा काका वर्षानुवर्षं करत असतात, एक दिवस त्यांचे गुडघे साथ देत नाहीत आणि कपाटाची किल्ली तुमच्या हातात येते.

कपाट उघडण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: आपल्या मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, वळण कुठलं? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं, तेव्हा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा एका छपराखाली आल्या. आपल्या भागात हे आजही डोळ्यांनी दिसतं. महाबळेश्वर-पाचगणीची जुनी चर्चेस अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाची. साताऱ्याच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशनची काँग्रिगेशनल पद्धत रुजली, तर सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशनची. सीएनआय आता जागतिक अँग्लिकन परिवारात आहे, पण एका मंडळीत लोक कठड्याशी गुडघे टेकून एकाच प्याल्यातून घेतात आणि दुसरीत बाकावर बसूनच छोट्या पेल्यांतून. दोन्ही रीती योग्य आहेत. चूक होते ती एका रीतीची तयारी करून दुसऱ्या रीतीच्या लोकांसमोर उभं राहण्यात. म्हणून शनिवारी पाळकसाहेबांना फोन करून तीन गोष्टी विचारा: एकच प्याला की छोटे पेले, वाइन की रस, वेफर (प्रभुभोजनाची तयार पातळ चकती) की पोळी.

कुणी काय करायचं, हेही पक्कं ठाऊक हवं. भाकर आणि द्राक्षारसावरची आभाराची प्रार्थना बिशप किंवा प्रेस्बिटर (दीक्षित पाळक) यांनीच करायची. डीकन (पाळकाच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) शुभवर्तमान वाचतो, उपदेश करतो, प्याला वाटायला मदत करतो, पण प्रभुभोजनाचं अर्पण चालवत नाही. एका पाळकाकडे तीन-चार गावं असतील आणि त्या रविवारी ते येऊ शकत नसतील, तर डीकनच्या किंवा सेक्रेटरीच्या हातून भोजन उरकून घेऊ नका. त्या दिवशी वचनाची (बायबलवाचन, उपदेश आणि प्रार्थनेची) उपासना ठेवा आणि भोजन पुढच्या रविवारी करा.

आता भाकर. जिथं वेफर वापरतात तिथं मोजून ठेवले की झालं. पोळी करायची असेल तर एक वाटी कणीक किंवा मैदा आणि लागेल तसं कोमट पाणी. तेल, मीठ, सोडा काही नको. पीठ पुरीसारखं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. साधारण तीन मिलिमीटर जाड आणि वीतभर रुंद लाटा, आणि काट्याने सगळीकडे टोचे मारा. टोचे मारायचे विसरलात तर ती फुगते, दोन पदर सुटतात आणि मोडताना कपचे उडतात. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा, डाग पडू देऊ नका. गरम असतानाच धारदार सुरीने सेंटिमीटरभराचे तुकडे कापा. गार झाल्यावर कापली तर चुरा होतो. अशा एका पोळीचे शंभरावर तुकडे सहज होतात. एक पोळी मात्र अखंड ठेवा, कारण पाळकांना ती सर्वांसमोर मोडायची असते. बेकरीचा स्लाइस ब्रेड शक्यतो टाळा. त्याचा भुगा कापडावर, सतरंजीवर, लोकांच्या तळहातावर राहतो आणि तो वेचत बसावं लागतं.

रसाची सोय आपल्याकडे घरचीच आहे. तासगावचा बेदाणा जगाला ठाऊक आहे, पण प्रभुभोजनासाठी हिरवा बेदाणा घेऊ नका: त्याचा रस पिवळट-तपकिरी निघतो, आणि त्यातल्या काही मालाला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरीही दिलेली असते. काळे मनुके घ्या. अर्धा किलो मनुके कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, म्हणजे वाळवताना लावलेल्या तेलाचा अंश निघून जाईल. दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात वीस मिनिटं उकळा, पावभाजीच्या दट्ट्याने चेपा आणि स्वच्छ मलमलीतून गाळा. जवळपास एक लिटर रस मिळतो. साखर घालायची गरज नसते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ताजी काळी द्राक्षं मिळतात तेव्हा तीच थोड्या पाण्यात उकळून गाळा. चव जास्त चांगली लागते.

रस स्टीलच्याच भांड्यात करा आणि ठेवा. आंबट रस पितळेत राहिला की कळकतो आणि प्यायला घातक होतो. प्याला पितळी असेल तर आतून कल्हई किंवा मुलामा शाबूत आहे ना, हे दर सहा महिन्यांनी बघा. फ्रिजमध्ये रस तीन दिवस टिकतो. बाटलीचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा वर फेस दिसला तर तो आंबलेला आहे, टाकून द्या. एप्रिल-मेमध्ये हा धोका जास्त, म्हणून उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळीच करा. जुन्या अँग्लिकन रीतीत आंबवलेली वाइनच वापरतात आणि प्याल्यात तिच्यासोबत चमचाभर पाणी घालतात. मिशनच्या दारूबंदीच्या शिकवणुकीतून आलेल्या मंडळ्यांत न आंबवलेला रस चालतो. कमिटीत यावर वाद घालत बसू नका, निर्णय पाळकसाहेबांचा.

किती लागेल? एका प्याल्यातून पिणारा माणूस घोटभर घेतो, म्हणजे तीन-चार मिलिलिटर. शंभर जणांना चारशे मिलिलिटर पुरतं. छोट्या पेल्यात दोन तृतीयांश भरायचं म्हटलं तर पाच मिलिलिटर जातं, म्हणजे शंभर पेल्यांना अर्धा लिटर. काठोकाठ भरलेले पेले ट्रे पुढे सरकवताना सांडतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या पांढऱ्या धोतरावर डाग पडतो, त्याला उपासनाभर तोच डाग दिसत राहतो. भरायला बारीक तोटीची झारी किंवा किटली सगळ्यांत सोपी. सकाळी लवकर भरून ठेवायचे असतील तर ट्रे पाणी घातलेल्या परातीत वाटीवर उभा करा, नाहीतर दहा मिनिटांत मुंग्या लागतात. वरून स्वच्छ कापड टाका. नाताळ आणि ईस्टरला पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतात, तेव्हा नेहमीच्या दुप्पट धरा.

जास्तीचं सगळं सुरुवातीलाच मेजावर ठेवा. मधेच भाकर संपली तर पाकिटातून काढून ताटात टाकायची नाही. पाळकांना हळूच सांगा. ते आणखी भाकरीवर प्रार्थना करतील. ही चूक फार वेळा होते आणि करणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो, त्यामुळे आधी सांगून ठेवणं बरं.

मांडणी अशी. मेजावर पांढरी चादर, तिच्या मध्यावर साधारण पन्नास सेंटिमीटरचा चौकोनी रुमाल, ज्याला कॉर्पोरल म्हणतात. तो आडवा तीन घड्या आणि उभा तीन घड्या असा नऊ चौकोनांत दुमडतात, आणि उलगडताना व मिटताना घडी आतल्या बाजूला राहते. कारण साधं आहे: भाकरीचे कण आत अडकावेत, जमिनीवर पडू नयेत. कॉर्पोरलला हलकी खळ चालते. प्याल्याची कड पुसायच्या रुमालाला मात्र खळ अजिबात देऊ नका, आणि तो टेरिकॉटचा नको, सुतीच हवा, नाहीतर तो टिपत नाही, नुसता सरकवतो. प्याला धरणाऱ्याने प्रत्येकानंतर कड आतून-बाहेरून पुसून प्याला थोडा फिरवायचा, म्हणजे पुढच्याच्या ओठाला तीच जागा लागत नाही. घेणाऱ्यांनी उजवा तळहात डाव्यावर ठेवून भाकर घ्यावी. नव्याने दृढीकरण (आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी) झालेल्या मुलांना हे आदल्या दिवशी कोरड्या वेफरवर करून दाखवा.

उरलेलं मोरीत जायचं नाही. पाळक आणि मदतनीस ते आदराने संपवतात, प्याला पाण्याने विसळून ते पाणीही पितात. कपड्यांचं पहिलं पाणी झाडाच्या मुळाशी ओता. डाग लगेच साबणाने चोळू नका. काळ्या द्राक्षांचा डाग साबणाने निळसर पडतो आणि पक्का बसतो. आधी गार पाणी, मग लिंबू, मग साबण, आणि डाग गेल्याशिवाय इस्त्री नाही.

बाप्तिस्म्याची तयारी कमी, पण विचारपूस जास्त. सीएनआयमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वासाच्या कबुलीनंतरचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. आईबापांना दुसरी वाट हवी असेल तर आता बाळासाठी आभाराची व समर्पणाची प्रार्थना होते. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत, म्हणून दुसऱ्या मंडळीतून आलेल्यांकडे दाखला मागा. पात्रात दोन लिटर पाणी पुरे, आणि हिवाळ्यात ते कोमट करून आणा, कारण डिसेंबरातल्या पाचगणीच्या पाण्याने बाळ असं दचकतं की पुढचं काही ऐकूच येत नाही. टिपायला मऊ पंचा हाताशी ठेवा. बाळाचं नाव जन्मदाखल्यावर जसं आहे तसंच, त्याच वेलांटी-उकारासकट लिहा. घरी हाक मारायचं नाव रजिस्टरमध्ये गेलं की पासपोर्टच्या वेळी घरच्यांची वणवण होते.

पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असेल तर जून ते ऑक्टोबर कृष्णेत किंवा कोयनेत उतरू नका. वर धरणातून पाणी सोडलं की काठचा प्रवाह बघता बघता बदलतो. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं तर कधीच नको. कागद शेवाळाने निसरडा होतो, उतार सरळ असतो आणि आत गेलेला माणूस वर चढू शकत नाही. छातीइतक्या पाण्याचा, पायऱ्यांचा हौद सर्वांत चांगला.

एक आणीबाणीची गोष्ट प्रत्येक सभासदाला माहीत हवी. मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात बाळ अत्यवस्थ असेल आणि पाळक पोहोचणार नसतील, तर बाप्तिस्मा झालेला कुणीही बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी घालून नाव घेऊन म्हणू शकतो: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." इतकं पुरेसं असतं. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आधी नर्सला विचारा आणि निर्जंतुक पाण्याचे थेंब वापरा. नंतर पाळकांना कळवून नोंद करा. बाळ बरं झालं तर मंडळीसमोर स्वागत होतं, बाप्तिस्मा पुन्हा नाही.

लग्नात विधीपेक्षा कागद अडतात. लागोपाठ तीन रविवारी उपासनेत बॅन्स, म्हणजे ठरलेल्या लग्नाची जाहीर सूचना, वाचावे लागतात, आणि दुसरी बाजू वेगळ्या मंडळीची असेल तर तिथेही. म्हणजे पत्रिका छापायच्या दीड-दोन महिने आधी पाळकसाहेबांकडे जायचं. वर 21 आणि वधू 18 वर्षांची पूर्ण झाल्याचा पुरावा मूळ कागदावर बघा, झेरॉक्सवर नाही. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, लग्नं टाळायची रीत आहे. लेंट सुरू होतो तो राखेचा बुधवार 4 फेब्रुवारी ते 10 मार्चच्या दरम्यान कधीही येतो, तेव्हा हॉल बुक करण्याआधी त्या वर्षीची ईस्टरची तारीख काढा. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच लागतं. वरात चौकात नाचत राहिली आणि घड्याळ सातच्या पुढे गेलं तर बिशपांच्या खास परवान्याशिवाय इलाज नाही. बँडवाल्याला वेळ सांगताना अर्धा तास अलीकडची सांगा.

रजिस्टर चर्चमध्येच, फोटोच्या आधी भरा. पक्की निळी-काळी शाई वापरा; जेल पेनची शाई दोन पावसाळ्यांत पसरते. वर, वधू, दोन साक्षीदार आणि पाळक अशा पाच सह्या. साक्षीदार जेवायला निघून गेले की त्यांना शोधत हिंडावं लागतं, म्हणून त्यांना आधीच पहिल्या बाकावर बसवा. काही चुकलं तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहायची, चूक लक्षात आल्यापासून एक महिन्याच्या आत, नवरा-बायकोला समोर बसवून, आणि खाली पाळकांची सही व तारीख.