युरोपातल्या गाड्यांचा महिन्याचा आकडा कसा वाचायचा? भोसरीतल्या प्लॅनिंगवाल्याची पद्धत

सप्टेंबर २०१८ ची गोष्ट आहे. आमचं भोसरी एमआयडीसीत मशिनिंगचं युनिट आहे, फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेला कच्चा पार्ट, बाहेरनं येतं, आम्ही ते टर्न करतो, ड्रिल मारतो, तेल लावून पॅक करतो आणि न्हावा शेवाहून कंटेनर जर्मनीला जातो, तिथल्या एका सप्लायरकडं. प्लॅनिंग माझ्याकडं. तर तेव्हा बातमी आली की ऑगस्टमध्ये युरोपात गाड्यांची विक्री ३१ टक्क्यांनी वाढली. साहेबांनी विचारलं, "काय रे, गिऱ्हाइकाचं मागणीचं शेड्यूल वाढेल का?" मी म्हटलं वाढणारच, फोर्जिंगची ऑर्डर आत्ताच वाढवून टाकू. टाकली. पुढच्या महिन्यात सप्टेंबरचा आकडा आला तो २३ टक्के खाली, पाठोपाठ गिऱ्हाइकाचं शेड्यूल कापून आलं, आणि फोर्जिंगचे क्रेट पार फेब्रुवारीपर्यंत शेडमध्ये पडून, वरचं तेल सुकलं म्हणून परत तेल मारायला माणूस लावावा लागला.

झालं काय होतं तर १ सप्टेंबर २०१८ पासून युरोपात प्रत्येक नवीन गाडीला डब्ल्यूएलटीपी नावाच्या धूर आणि इंधन मोजणाऱ्या नव्या टेस्टचं सर्टिफिकेट लागणार होतं, मग कंपन्यांनी जुन्या टेस्टच्या गाड्या ऑगस्टमध्येच डिस्काउंट देऊन नाहीतर स्वतःच्या डीलरच्या नावावर रजिस्टर करून टाकल्या. आपल्याकडं ३१ मार्च २०१७ ला बीएस-३ टू-व्हीलर घ्यायला शोरूमबाहेर रांगा लागल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या विकायला बंदी होती, आठवतंय का, तसंच अगदी. त्या दोन दिवसांची विक्री बघून कोणी म्हटलं असतं का की आता दर महिन्याला एवढ्या गाड्या जाणार? पण युरोपचा आकडा आला की आपण नेमकं तेच करतो, कारण तिकडं त्या महिन्यात काय चाललं होतं ते आपल्याला दिसत नसतं.

तेव्हापासून मी दर महिन्याला स्वतः आकडे घेऊन बसतो. चाकण, रांजणगाव, भोसरी पट्ट्यात एक्सपोर्ट करणारी एवढी युनिट आहेत, एमबीए करणारी पोरं आहेत, शेअर घेणारे आहेत, त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की ज्याला बातमीत विक्री म्हणतात ती तिकडं रजिस्ट्रेशन असते, म्हणजे गाडीला नंबर मिळाला. आपल्याकडं सियामचे, म्हणजे गाडी कंपन्यांच्या संघटनेचे, आकडे कंपनीनं डीलरला किती गाड्या पाठवल्या ते सांगतात आणि फाडावाले, म्हणजे डीलरांची संघटना, सरकारी वाहन पोर्टलवरचं रजिस्ट्रेशन सांगतात, तर युरोपचा आकडा फाडासारखा आहे असं समजा. पण नंबर मिळाला म्हणजे गाडी गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिली असं नाही. जर्मनीत डीलर एका दिवसासाठी गाडी स्वतःच्या नावावर चढवतो आणि मग जवळपास नवीच गाडी सेकंडहँड म्हणून स्वस्तात विकतो, स्पेन-इटलीत त्याला झिरो किलोमीटर गाडी म्हणतात. जर्मनीत तर नवीन गाड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश कंपन्यांच्या, भाड्याच्या नाहीतर डीलरच्या नावावर चढतात. म्हणून महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत एखाद्या ब्रँडचा आकडा उडाला तर मी लगेच खूश होत नाही, आधी खासगी गिऱ्हाईक किती ते शोधतो. रेनोच्या डेशिया ब्रँडचं मला म्हणून कौतुक वाटतं, त्यांची सँडेरो मुख्यतः घरची माणसं स्वतःच्या पैशानं घेतात, २०२४ ला युरोपातली सगळ्यात जास्त खपलेली गाडी तीच होती.

आकडे कुठून घ्यायचे? सगळ्या ब्रँडचा एकत्र तक्ता एसीईए देते, म्हणजे युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना, ऑफिस ब्रुसेल्सला, पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पीडीएफ येते आणि ती फुकट आहे. तेवढं थांबायचं नसेल तर देशांचे आकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच यायला लागतात, जर्मनीचं केबीए, यूकेचं एसएमएमटी, इटलीचं उनराए, स्पेनचं अनफॅक. पण जर्मन फाइल एक्सेलमध्ये घेताना जपून. त्यांच्याकडं हजाराच्या जागी टिंब असतं आणि दशांशाला स्वल्पविराम, त्यामुळं १२.३४५ म्हणजे बारा हजार तीनशे पंचेचाळीस. आपलं एक्सेल ते बारा पूर्णांक काहीतरी समजतं आणि वर बेरीजही करून देतं, एरर येत नाही! आमच्याकडच्या एका नवीन पोरानं अशीच बेरीज मला आणून दिली होती, तीन ब्रँड मिळून महिन्याला सत्तावन्न गाड्या. आता आम्ही आधी टिंबं काढून टाकतो, मगच पुढचं काम.

एसीईएच्या पीडीएफमध्ये दोन तक्ते असतात आणि अर्धे लोक इथंच फसतात. एक फक्त ईयूच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या, २७ देशांचा, दुसरा ईयू, एफ्टा आणि यूके मिळून. नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड हे एफ्टावाले आणि यूके फक्त दुसऱ्यात. २०२४ ला नुसत्या ईयूत साधारण १ कोटी ६ लाख गाड्या चढल्या, आणि यूके वगैरे धरून १ कोटी ३० लाखांच्या जरा आत. आता २०१९ बघा, नुसत्या ईयूत १ कोटी ३० लाख, सगळे धरून १ कोटी ५८ लाख. म्हणजे कोणी २०१९ चा ईयूचा आकडा आणि २०२४ चा मोठ्या तक्त्यातला आकडा शेजारी ठेवला तर त्याला वाटेल बाजार कोविडच्या आधीच्या जागी आला, प्रत्यक्षात २०२४ ला एकूण बाजार २८ लाख गाड्यांनी खाली होता. अशी चूक झालेलं प्रेझेंटेशन मी एका मीटिंगमध्ये बघितलंय आणि त्यावर मशीन घ्यायची चर्चाही चालू झाली होती. ब्रँडच्या बाबतीत तर हा फरक अजून मोठा, एमजीची बरीचशी विक्री यूकेत होते, म्हणून ईयूच्या तक्त्यात एमजीचा मालक एसएआयसी छोटा दिसतो आणि मोठ्या तक्त्यात भरपूर.

आता कॅलेंडर. आपल्याकडं पितृपक्षात शोरूम ओस आणि दसऱ्याला डिलिव्हरीला जागा नाही, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तसंच तिकडचंही माहीत करून घ्यायला लागतं. यूकेत नंबर प्लेट वर्षातनं दोनदा बदलते, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे मार्च २०२५ ला चढलेल्या गाडीवर २५ आणि सप्टेंबरनंतरच्या गाडीवर ७५. लोक नव्या नंबरसाठी थांबतात, म्हणून फेब्रुवारी एकदम मरगळलेला आणि मार्चला झुंबड. आपण नाही का डिसेंबरची गाडी जानेवारीत चढवतो, रिसेलला वर्ष नवीन दिसावं म्हणून. ऑगस्टमध्ये इटली-फ्रान्स सुट्टीवर. ईस्टर २०२४ ला ३१ मार्चला होता आणि २०२५ ला २० एप्रिलला, त्यामुळं मार्च-एप्रिल सुटे बघूच नका, दोन्ही महिने एकत्र करून मागच्या वर्षीच्या दोन्हीशी लावा. महिन्यात कामाचे दिवस साधारण २०-२२, एक दिवस कमी झाला की चार-पाच टक्के असेच जातात, कोणाचंही काही बिघडलेलं नसताना.

सबसिडीचं पण असंच. जर्मनीत कंपन्यांना ईव्हीवर मिळणारी सबसिडी १ सप्टेंबर २०२३ पासून बंद होणार होती, म्हणून ऑगस्ट २०२३ ला ईव्हीचा पूर आला. वर्षभरानं ऑगस्ट २०२४ चा आकडा आला, जर्मनीत ईव्ही ६९ टक्के खाली, आणि सगळीकडं हेडलाइन की युरोपात ईव्ही संपली. खरं तर डोंगराच्या टोकाशी तुलना चालली होती. मागणी थंडावली होती हे खरंय, डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारनं उरलेली सबसिडीही अचानक बंद केली होती, पण ६९ टक्के हा त्या थंडाव्याचा आकडा नव्हे.

ज्या जुन्या आकड्याशी तुलना करतो त्याला बेस म्हणतात, आणि याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण एप्रिलचं आहे, कागदावर लिहून बघा. एप्रिल २०१९ ला ईयूत साधारण ११ लाख ४३ हजार गाड्या, एप्रिल २०२० ला लॉकडाउनमध्ये २ लाख ७१ हजार, एप्रिल २०२१ ला ८ लाख ६२ हजार. बातमी आली २१८ टक्के वाढ. पण २०१९ शी लावलं तर अजून २५ टक्के खालीच. म्हणून माझ्या शीटमध्ये प्रत्येक ब्रँडसमोर मागच्या वर्षीचा तोच महिना असतो आणि शेजारी २०१९ चा तोच महिना असतो, एकाच तक्त्यातला. अजून एक, मागच्या वर्षीचा आकडा जुन्या पीडीएफमधनं उचलू नका, नव्या पीडीएफमध्ये जो छापलाय तोच घ्या, मधल्या काळात आकडे सुधारलेले असतात.

मग शेअर, म्हणजे बाजारातला वाटा. ब्रँड वाढला का हे बाजाराशी लावल्याशिवाय कळत नाही. समजा एका ब्रँडच्या मागच्या वर्षी १० लाखांत ५० हजार होत्या म्हणजे ५ टक्के, यंदा ११ लाखांत ५२ हजार, गाड्या ४ टक्के वाढल्या पण शेअर ४.७ वर आला. तो ब्रँड मागं पडतोय आणि बातमीत त्याची वाढच छापून येणार. शेअरमधला फरक सांगताना पॉइंट म्हणायचं, टक्के नाही. २०२३ ला ईयूत बॅटरीच्या गाड्यांचा शेअर १४.६ होता, २०२४ ला १३.६, म्हणजे एक पॉइंट गेला, पण गाड्यांची संख्या जवळपास ६ टक्क्यांनी घटली. साहेबांना एक टक्का म्हणून सांगितलं तर ते सोडून देतील, सहा म्हटलं तर खुर्ची पुढं ओढतील.

ग्रुप आणि ब्रँड वेगळे ठेवा. फोक्सवॅगन ग्रुपमध्ये स्कोडा, आउडी, सिआत, क्युप्रा, पोर्शे सगळे येतात आणि युरोपात साधारण चारातली एक गाडी त्यांची. सिआत खाली आणि क्युप्रा वर दिसला की घाबरायचं कारण नाही, घरातल्या घरात चाललंय. स्टेलांटिसमध्ये प्यूजो, सित्रोन, फियाट, ओपेल, जीप, तिथं तर एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच सांगाड्यावर, तीन-चार ब्रँडच्या गाड्या निघतात, तुमचा पार्ट कुठल्या ब्रँडमध्ये जातो यापेक्षा कुठल्या प्लॅटफॉर्ममध्ये जातो ते महत्त्वाचं.

टेस्ला मात्र महिन्यानं बघायचीच नाही. त्यांच्या मॉडेल ३ ची जहाजं शांघायहून येतात आणि तिमाहीच्या शेवटी डिलिव्हरी एकदम होते, त्यामुळं मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर फुगलेले आणि मधले महिने सुके. तिमाहीला तिमाही लावा. जानेवारी २०२५ ला टेस्ला ४५ टक्के खाली आली तेव्हा मीच ऑफिसात सांगत होतो की थांबा, मॉडेल वाय बदलतंय, लोक नव्याची वाट बघतायत. पण नवं मॉडेल आल्यावरही जुलैत मोठ्या तक्त्यात घसरण ४० टक्के होती, तेव्हा मान्य करावं लागलं की हे नुसतं मॉडेल बदलाचं नाही. एखादं कारण पटलं तरी ते कारण संपल्यावर आकडा वर येतो का हे बघेपर्यंत फाइल बंद करायची नाही.

त्याच काळात चीनच्या बीवायडीनं टेस्लाला मागं टाकलं अशी बातमी गाजली, ती एप्रिल २०२५ ची, जॅटो या आकडे गोळा करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांवर आणि फक्त पूर्ण बॅटरीच्या गाड्यांची. ७२३१ आणि ७१६५, म्हणजे फरक ६६ गाड्यांचा! सात-आठ ट्रेलर इकडंतिकडं झाले असते तर हेडलाइन फिरली असती. पण जुलैत बीवायडी १३ हजारांच्या वर आणि टेस्ला ९ हजारांच्या आत, हा फरक खरा. त्यातही ईयूनं ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी चीनमध्ये बनलेल्या बॅटरी गाड्यांवर जादा ड्युटी लावली, प्लग-इन हायब्रिडवर, म्हणजे चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या गाड्यांवर, नाही, म्हणून चिनी ब्रँडांनी प्लग-इन वाढवल्या, आणि यूकेत ती ड्युटी नाहीच. ब्रँडचा आकडा बघताना तो कुठल्या इंधनाचा आणि कुठल्या देशातला हे शेजारी नसेल तर उपयोग नाही.

आणि कधीकधी कारण बाजारात नसतंच. जग्वारचे आकडे २०२५ ला जवळपास शून्यावर आले कारण इलेक्ट्रिकवर जाण्यासाठी त्यांनी जुनी मॉडेलं बनवणंच थांबवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्यामुळं जेएलआरचे, म्हणजे जग्वार लँड रोव्हरचे, कारखाने काही आठवडे बंद होते, पुण्यातल्या ज्यांचा माल तिकडं जातो त्यांना ते आकडा यायच्या आधीच कळलं होतं, कारण शेड्यूलच आलं नाही.

माझ्या शीटमधला शेवटचा कॉलम आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात मोलाचा आहे, आणि तो ब्रँडचा नाही, इंधनाचा आहे. २०१५ ला पश्चिम युरोपात नवीन गाड्यांतल्या निम्म्याच्या वर डिझेल होत्या. २०२४ ला ईयूत डिझेल १२ टक्क्यांच्या आत. ज्या ब्रँडला आमचा पार्ट जातो त्याचे आकडे गेली दोन वर्षं हिरवे आहेत, शेअरही वाढलाय, आणि आमचं शेड्यूल दर तिमाहीला थोडं थोडं आकसतंय, कारण आमचा पार्ट त्यांच्या डिझेल इंजिनात बसतो. ब्रँडच्या एकूण आकड्यावर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून पुढची पीडीएफ आली की आधी इंधनाचं पान उघडा, तुमचा पार्ट ज्या इंधनाच्या गाडीत बसतो ते शोधा, मागच्या तीन महिन्यांची बेरीज मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी लावा, आणि ते झालं की मगच ब्रँडच्या पानावर या. फोर्जिंगची ऑर्डर त्यानंतर. कंटेनर पोचायला आठवडे लागतात, २०२४ ला तर तो लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जायचा आणि दोनेक आठवडे जास्त लागायचे, त्यामुळं आज चुकीचा वाचलेला आकडा दुरुस्त होईपर्यंत माल पाण्यात असतो.